गेणूतात्यांचा उंबरा

गेणूतात्या माणसाचं निदान हापशावरून करायचे. सरपंच फार बोलायला लागले की म्हणायचे, "वायसर गेलाय. दांडा लई हालतोय, पानी काय येत न्हाई." मी त्या गावात ग्रामसेवक म्हणून नवीन रुजू झालो, तेव्हा त्यांनी मलाही वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि निकाल दिला, "भाऊसाहेब पार कोरे हायेत. अजून ग्रीस लागलं न्हाई." हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. मला भयंकर राग आला. नोकरीचा पहिला आठवडा, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि मळक्या लेंग्यातला हा माणूस हातात पाना घेऊन माझी खिल्ली उडवतो म्हणजे काय!

गाव लोणीच्या बाजूचं, आंबेगाव तालुक्याच्या कोरड्या अंगाचं. उन्हाळा लागला की विहिरींचे तळ दिसायचे आणि टँकरची वाट बघणं सुरू व्हायचं. बारा महिने पाणी द्यायचा तो एकच हापसा, तात्यांच्या दारासमोरचा. द्यायचा म्हणजे तात्या त्याला द्यायला लावायचे. तालुक्याहून मेकॅनिक येईपर्यंत त्यांनी पाइप वर ओढून, वायसर बदलून, दांड्याला ग्रीस लावून हापसा चालू केलेला असे. तरुणपणी मंचरला इंजिन दुरुस्तीच्या दुकानात राबले होते, तिथला हात. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणत, "मापाचं स्पेअर मिळालं न्हाई." वाटण्या झाल्या तेव्हा थोरला भाऊ किसन सतरा माणसांचं खटलं घेऊन मळ्यात राहायला गेला आणि तात्यांच्या वाट्याला हापशासमोरची ही एक खोली आली.

सकाळचे दोन तास त्या खोलीचं भरलेलं घर व्हायचं. तात्या ओट्यावर पाना घेऊन बसायचे आणि नंबर लावायचे. समोरच्या आळीतली हौसाबाई रोज नंबर मोडायची आणि रोज शिव्या खायची. खायची तशी द्यायचीही. "तात्या, हापसा सरकारचा हाय, तुमच्या बाचा न्हाई!" "मंग सरकारला म्हणावं वायसर बदलून जा!" असं चालायचं. कुणाची लेक बाळंत झाली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, हे सगळं तात्यांना गावाच्या आधी कळायचं. ऊन वर आलं की हंडे जायचे, आणि मग तात्या आत जाऊन रेडिओ लावायचे. एकदा कुठल्याशा दाखल्यावर सही घ्यायला मी दारात गेलो, तर रेडिओतली बाई "नमस्कार" म्हणाली आणि आतून तात्या म्हणाले, "नमस्कार, बोला." मी उलट्या पावली परतलो. सही दुसऱ्या दिवशी घेतली.

पुढं नळपाणी योजना मंजूर व्हायची वेळ आली. गावानं आपला वाटा आधी भरायचा, मग सरकार पाइप टाकणार, अशी अट. पैसे उभे कसे करायचे, यावर एक मेच्या ग्रामसभेत चावडीपुढं जे रण माजलं ते माझ्या नोकरीत पुन्हा पाहिलं नाही. कमी जमीनवाले म्हणाले, एकरामागं पट्टी काढा. बागायतदार उठले, "आमचा ऊस काय नळाचं पानी पिणार हाय व्हय?" एक म्हातारबा म्हणाले, यंदा जत्रेत बैलगाड्यांची बक्षिसं बंद ठेवा, तो पैसा नळाला घाला. झालं! पोरं अशी उसळली की म्हातारबांनी बसल्या जागी पटका सावरला. शेवटी जत्रेच्या वर्गणीची जुनी रीत होती तीच ठरली : उंबऱ्यामागं सारखी पट्टी. ज्याची चूल वेगळी त्याचा उंबरा वेगळा. जितके उंबरे, तितके नळ.

मी यादी वाचली. संपवली. तात्या उठले.

"माझं नाव?"

मी पाहिलं. यादी मी जुन्या यादीवरून उतरवली होती आणि त्यात तात्या नव्हते. "तुम्हाला किसनरावांच्या घरात धरलंय, तात्या."

"किसनाच्या घरात मी जेवतो का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "एकट्याचा कसला उंबरा, तात्या? बाय न्हाई, चूल न्हाई."

"मंग मी काय उपाशी राहतो व्हय रं?"

"स्टोव्ह हाय त्यो. स्टोव्हाला चूल कोण म्हणतं?"

सभा खो खो हसली. उन्हानं मी वैतागलो होतो, मला ती सभा संपवायची होती. शिवाय मनात खरोखरच दया होती, हे मुद्दाम सांगतो, कारण चूक तिथंच झाली. मी म्हणालो, "तात्या, यात तुमचाच फायदा आहे. एकट्या माणसाला एवढा बोजा कशाला? वेगळं नावच हवं असेल तर तुम्हाला निम्मी पट्टी लावू."

तात्या माझ्याकडं बघत राहिले. "निम्मा कुठून धरता मला, भाऊसाहेब? वरून का खालून?"

लोक पुन्हा हसले. मीही हसलो. तात्या हसले नाहीत. "यादी मिटू नका," एवढं बोलून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हापशावर धुराचा लोट. तात्यांनी ओट्यावर तीन दगड मांडून चूल पेटवली होती आणि डोळे पुसत, खोकत, भाकरी थापत होते. बाया हंडे ठेवून तमाशा बघत उभ्या. हौसाबाई म्हणाली, "अवो तात्या, येडं का खुळं तुमी? नळ आला तर तुमच्या दारात कुत्रंबी फिरकायचं न्हाई. पट्टी वाचली तर गप बसा की!"

"तुमच्या कमरा वाचतील न्हवं?" तात्या म्हणाले. "दुसऱ्या हंड्याला धापा टाकतीस. वायसर गेलाय तुझा."

ती भाकरी फडक्यात गुंडाळून ते चावडीत आले आणि माझ्या टेबलावर ठेवली. "चुलीवरची हाय. खाऊन बघा, मंग लिहा." बाहेरून करपलेली, आतून कच्ची. मी ती खाल्ली, पाण्याच्या घोटाबरोबर सगळी खाल्ली, आणि यादीत शेवटी त्यांचं नाव घातलं. पुढं लिहिलं, एक उंबरा. सतरा माणसांच्या किसननं जेवढी पट्टी भरली तेवढीच तात्यांनी भरली. पावतीवरचं स्वतःचं नाव दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. मग जाता जाता दारात थांबले.

"पानी काय, कुठंबी मिळतं, भाऊसाहेब. पर मी गेल्यावर हितं एक घर व्हतं का नव्हतं, ह्ये कुनाला ठावं असनार? पोर न्हाई, बाळ न्हाई. कागदावर तरी असूं द्या."

 

वर्षाच्या आत पाइप पडले, नळ आले. नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हापशावरून चावडीकडं निघालो, तर तिथं चिटपाखरू नाही. कट्टा कोरडा. तात्या पाना मांडीवर घेऊन ओट्यावर आपल्या जागी बसलेले.

"नळाला पाणी आलं का, तात्या?"

"आलं की. लई जोरात. बरं झालं, बायांचं हाल संपलं." मग हसून म्हणाले, "पर आज मला कुनी शिवी बी दिली न्हाई, राव."

तरी दर सोमवारी ते हापशाला ग्रीस लावायचे, दोन-चार दांडे मारून पाणी काढायचे आणि ते पाणी दारातल्या शेवग्याला घालायचे. मग लोडशेडिंगचे दिवस आले. सकाळीच वीज गायब, नळ कोरडे, आणि बाया हंडे घेऊन पुन्हा हापशावर. गाव विजेच्या नावानं बोटं मोडायचं आणि तात्या नवा सदरा घालून ओट्यावर यायचे. "या, या! नंबर लावा. हौसे, मागं व्हय!" मी त्यांना म्हणालो, "तात्या, वीज मंडळाला तुम्हीच अर्ज दिलाय वाटतं." इतके मनापासून हसले की ठसका लागला.

पण गाव काय गप्प बसतं? वीज नसली तरी पाणी मिळावं म्हणून टेकाडावर मोठी टाकी बांधायचं ठरलं. पुन्हा ग्रामसभा, पुन्हा उंबऱ्यामागं पट्टी. या वेळी कुणी भांडलं नाही. मी यादी वाचत शेवटच्या नावावर आलो आणि थांबलो. मला ते नाव वाचवेना. ही टाकी झाली की या माणसाच्या दारात वीज गेली म्हणूनसुद्धा कुणी येणार नव्हतं, आणि त्याचे पैसे मी त्याच्याच हातून घेणार होतो.

"वाचा की, भाऊसाहेब," तात्याच म्हणाले. "वायसर गेला का?"

मी नाव वाचलं. त्यांनी हात वर केला, "हाय!" आणि पैसे सगळ्यांच्या आधी आणून दिले.

टाकी पुरी व्हायच्या सुमारास माझी बदली झाली, डिंभ्याकडच्या एका गावाला. निघताना तात्यांनी मला थांबवलं, हापसून तांब्याभर पाणी दिलं. "नळाचं नगं. ह्ये प्या." मी म्हणालो, येईन अधूनमधून. डिंभ्याच्या एस.टी.चा भरवसा नसायचा, सुट्टी मिळाली की मी पिंपरी पेंढारला घरी पळायचो. ही सगळी कारणं खरी आहेत. पण गेलो नाही, हेही खरं आहे.

दोनेक वर्षांनी मंचरच्या बाजारात हौसाबाई भेटली. मी "तात्या कसे आहेत?" म्हणालो आणि तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

नळाला पाणी कधी येतं ते कळावं म्हणून गावात लोक तोटी उघडीच ठेवून निजायचे. धार पडली की आवाजानं जाग येते. तात्यांनीही तशीच ठेवली होती.

"सकाळी बघतीय तर त्यांच्या उंबऱ्यावरनं पानी भाईर," हौसाबाई सांगत होती. "ओट्यावरनं रस्त्यावर, ते पार हापशाच्या कट्ट्यापातुर. आमाला आला राग. म्हटलं, म्हातारा टाकी रिकामी करतोय, आमी प्यायचं काय? आख्खी आळी गेली भांडायला. मी दारात हुबी राहून ही शिव्या दिल्या, भाऊसाहेब, ही शिव्या दिल्या! समदी मानसं जमलेली दारात, आन् म्हातारा काय उठंना बोलायला."

तिनं पदर तोंडाला लावला. मीही तिथं, कांद्याच्या ढिगांमध्ये, लाज न धरता रडलो.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी आणखी तीन गावांत याद्या केल्या. एकटं माणूस दिसलं की लोक सवयीनं म्हणायचे, भाऊसाहेब, ह्येला सोडा, न्हाईतर निम्मी लावा. मी सोडलं नाही. नाव वेगळं लिहिलं, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, आणि पट्टी पुरी घेतली. निराधार म्हाताऱ्यांकडूनही पुरी पट्टी घेणारा दगड, अशी माझी तालुकाभर बदनामी झाली. होऊ दे.