आत्याने लावलेला रतीब

अख्ख्या धुळ्यात माझ्या धाकट्या आत्याइतका इंटरनेटवर हक्क गाजवणारा माणूस दुसरा नसेल. तिचा धंदा वाळवणाचा, ज्वारीच्या बिबड्यांचा आणि उडदाच्या पापडांचा. काम करणाऱ्या बायका गावोगावच्या, गिऱ्हाइकं थेट सुरतेपर्यंत. या कारभारासाठी तिने महिन्याच्या वर्गणीवर चालणारं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा मी शहाणपणा केला, "आत्या, दर महिन्याला पैसे भरायचे आणि ते आपलं कधीच होणार नाही?"

"गाय कसाले लेवानी?" ती म्हणाली. "रतीब लावाना. चारा, शेण, डॉक्टर, बठ्ठं त्यासनं. आपलं फक्त दूध."

खरंच, सॉफ्टवेअर होतं दूर कुठल्याशा कंपनीच्या यंत्रांवर. दुरुस्ती, साठवण, नव्या सोयी सगळं त्यांच्याकडे. वर्गणी थांबली की दार बंद, म्हणून आपल्या नोंदींची प्रत आत्या दर अमावास्येला न चुकता उतरवून घेई. पडद्यावरचं एखादं बटण रातोरात हललं की तिचा कंपनीला फोन, "सांगीसन हलावानं ना!" तिकडची मुलगी आता आधी बिबड्यांची चौकशी करते. प्रत्येक बाईला वेगळं खातं. कुणाला काय दिसावं, कुणाला काय बदलता यावं, ते आत्या ठरवणार. हीच शिस्त स्वयंपाकघरात शिरली. आतोबांनी भाजीत मीठ टाकायला हात पुढे केला, तर म्हणाली, "तुमले बघानी परवानगी शे, बदलानी नही."

गेल्या उन्हाळ्यात, ऐन हंगामात, गच्चीवर बिबडे उलटताना ती घसरली. मांडीचं हाड मोडलं. सुरतेच्या एका लग्नघराचा माल अर्धाच तयार होता. शस्त्रक्रियेला नेतानाही ती "माल जावाले पाहिजे" एवढंच पुटपुटत होती. तिकडे बोदवडला, बातमी कळताच पॅकिंग सांभाळणाऱ्या शमीमने स्वतःच्या फोनवर आपलं खातं उघडलं. आत्यानेच दिलेल्या परवानगीमुळे कुणाकडे काय तयार, काय बाकी, सगळं समोर. उरलेलं काम तिने साक्रीच्या बायकांना वाटून दिलं आणि माल वेळेत गाडीत चढवला.

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी नीट भानावर आल्यावर आत्याने आधी फोन मागितला. पडद्यावर नोंद होती, 'माल पोचला.' तो पडदा तिने नर्सला दाखवला, डॉक्टरांना दाखवला, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीलाही दाखवला. "मन्या बाया शेतस ह्या!" आवाज सगळ्या वॉर्डात घुमला. मग जरा वेळाने मला हळूच म्हणाली, "कोनीच मले इचारं नही रे."

संध्याकाळी शमीम भेटायला आली. खाटेच्या कडेला बसून तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. आत्याने तिचा हात हातात घेतला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.