मारणारा मुका नव्हता

त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात एक वाक्य आहे: ‘मारणारा माणूस मुका होता, यंत्रासारखा तो मारत होता.’ तिकडे ज्यांनी ज्यांनी या पुस्तकावर लिहिलं, त्यांनी हे वाक्य वाखाणलं. गेल्या पावसाळ्यात तो त्याच्या देशात वारला. त्याच्या मुलीनं मला कळवलं. मराठी भाषांतर मीच करावं अशी वडिलांची इच्छा होती, असंही तिनं लिहिलं. बाकीची प्रकरणं झाली आहेत. या वाक्यापाशी मात्र मी तीन आठवडे अडून बसले होते. ते खोटं आहे, आणि माझ्यामुळे खोटं आहे.

तो पश्चिम आफ्रिकेतला. तरुणपणी नागपुरात इंजिनिअरिंग शिकला होता, त्यामुळे हिंदी बरी बोलायचा. पुढे बऱ्याच वर्षांनी उपसा सिंचनाचे पंप बसवायला पवनीला आला. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. ओळख वाचनालयात झाली. त्याच्या चौकटीच्या वहीत पुढून पंपांची मोजमापं असायची आणि मागून लोकांनी सांगितलेल्या गोष्टी. बुडालेल्या एका गावावर त्याला पुस्तक लिहायचं होतं. ते गाव म्हणजे माझं माहेर.

आमचं गाव धरणात गेलं. आधी कर्मचारी आले आणि दारादारावर लाल रंगानं आकडे टाकून गेले. मग कितीतरी महिने काहीच झालं नाही. एका सकाळी पोलीस आणि मशीन एकदमच आले. चुलीवर भात रटरटत होता, तेव्हा लोखंडी पंजा मागची भिंत फोडून आत शिरला. माझा मोठा भाऊ उंबरठ्यावर आडवा पडला. चौघांनी त्याचे पाय धरून ओढलं. त्यानं चौकट सोडली नाही, म्हणून एकानं त्याच्या बोटांवर काठी घातली. तरी सोडली नाही, तेव्हा खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी अंगणातून ऐकला. उकळत्या भाताचं पातेलं आईनं पोटाशी धरलं होतं. पोट भाजलं हे तिला संध्याकाळी कळलं.

पुनर्वसनाच्या वसाहतीत आम्ही दोघं रविवारी जायचो. तो हिंदीत विचारायचा, लोक आपल्या बोलीत सांगायचे, मी मध्ये दुभाषी. पहिल्याच दिवशी एका म्हातारीनं त्याला न्याहाळून पाहिलं.

“साहेब, उन्हात धान रोवून आलो का आम्ही बी असेच दिसतो जी,” ती म्हणाली. “तुमच्या गावाले नदी हाय का?”

“है, बहुत बड़ी.”

“मंग बसा. तुमाले समजन.”

तो मनापासून हसला आणि बसला. त्या दिवशी अकरा घरं झाली. निघताना तो म्हणाला, कुठपर्यंत झालं ते पुढच्या वेळी कळायला हवं. पाइपांच्या सांध्यांवर तो खडूनं आकडे टाकायचा, तीच त्याची सवय. मी पर्समधून खडू काढून दिला. त्यानं अकरा दारांच्या चौकटींवर, अगदी कोपऱ्यात, एक ते अकरा आकडे लिहिले. लाल आकडा पडलेल्या दाराचं काय होतं ते मी पाहिलं होतं. तरी मला काही खटकलं नाही.

पुढच्या रविवारी एसटीतून उतरलो, तर घरांच्या पहिल्या ओळीतली सगळी माणसं रस्त्यावर उभी होती.

“आकडे कोणं टाकले बे?” कुणीतरी ओरडलं.

एवढी मराठी त्याला कळत होती. त्यानं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. “मैंने.”

पहिला दगड कानावर बसला. तो खाली बसला तसे लोक त्याच्यावर पडले. लाथा, चपला, विटांचे तुकडे. ‘बसा’ म्हणालेली म्हातारी त्याच्या तोंडावर खराट्याच्या बुडख्यानं मारत होती. मग त्याच वसाहतीत राहणारा माझा भाऊ आला. बैलबंडीच्या कडेला लावायची लाकडी उभारी त्यानं उपसून आणली होती. “दादा, तो लिहिणारा माणूस हाय!” मी ओरडले. डोकं वाचवायला खाली बसलेल्या इंजिनिअरनं उजवा हात वर धरला होता. पहिला फटका मनगटावर बसला. दुसराही तिथंच. कातडी फाटून पांढरं हाड बाहेर आलं.

प्रत्येक फटक्याआधी भाऊ थांबत होता. रडत होता आणि विचारत होता, “आता कुठं जाऊ? सांग ना बे! आता कुठं जाऊ आम्ही?” विचारून त्याच्या तोंडाकडे बघायचा. उत्तर आलं नाही की उभारी उचलायचा.

रक्तानं भरलेल्या तोंडानं त्यानं माझ्याकडे पाहिलं. आपल्याला काहीतरी विचारलं जातंय, एवढं त्याला ओठांवरून समजलं होतं; दगड बसलेल्या कानात शब्द पोचत नव्हते. दुभाषी मी होते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तिसऱ्या फटक्यानं त्याचा जबडा मोडला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात जबडा तारेनं बांधला होता. त्यानं डाव्या हातानं वहीत वेडंवाकडं लिहिलं, तो माणूस काय म्हणत होता? शब्द सांगितले असते तर आवाज कोणाचा होता तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, “कुछ नहीं. वो कुछ बोला ही नहीं.” पोलिसांनाही मी चेहरे पाहिले नाहीत असं सांगितलं.

त्या हातात पुन्हा पाना धरला गेला नाही. कंपनीनं त्याला मायदेशी पाठवलं. तिथं डाव्या हातानं त्यानं तीन पुस्तकं लिहिली. मारहाणही त्यानं इंजिनिअरसारखी लिहिली आहे: लाकडाची लांबी, हाताचा कोन, एकाच जागी दोनदा आलेला भार. राग हा शब्द कुठंच नाही. मारणाऱ्याबद्दल त्याच्यापाशी माझ्या एका उत्तराशिवाय काही नव्हतं, आणि स्वतःच्या कानांपेक्षा त्या उत्तरावर त्यानं विश्वास ठेवला.

परवा मी भावाकडे गेले. तो पडवीत दोर वळत बसला होता. तो साहेब वारला, हे सांगितलं. मग ते वाक्य आपल्या बोलीत वाचून दाखवलं.

“मुका? मी?”

“त्याले समजलं नाही, दादा. मी सांगतलं नाही.”

“तू तं बाजूलेच उभी होती.”

“हो.”

“मी इचारून इचारून मारून राहिलो होतो. मले वाटलं, साहेब लोक असेच असते, इचारलं तरी सांगत नाही.” त्यानं दोर खाली ठेवला. “तू सांगतलं असतं, तं तो काय म्हणला असता?”

“म्हणला असता, तुमाले कुठंच जायचं नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

त्यानं दोर पुन्हा हाती घेतला. मी उठले तेव्हा म्हणाला, “लिवशील तं पुरं लिव. मी रडत होतो तेबी लिव. अन् तू गप होती तेबी.”

लेखकाचं वाक्य मी बदललेलं नाही, तो अधिकार माझा नाही. त्याखाली टीप लिहिली: मारणारा काय विचारत होता, तो माझा कोण, आणि लेखकाला खोटं कुणी सांगितलं. टीप इंग्रजीत करून त्याच्या मुलीला पाठवली आहे. ती छापायची की नाही, आणि भाषांतर माझ्याकडेच ठेवायचं की काढून घ्यायचं, हे तिनं ठरवायचं.