दाराच्या आत पडलेली चप्पल

परवा दुपारी आत्या आणि मी टीव्हीवर एक जपानी मालिका बघत होतो. गोष्ट सरदारांच्या, तलवारींच्या काळातली. नवऱ्याच्या जाचाला कंटाळलेली एक बाई डोंगरावरच्या मठाकडे धावत सुटते. अगदी दारापाशी नवऱ्याची माणसं तिला गाठतात, हात धरतात. ती पायातली चप्पल काढून दाराच्या आत भिरकावते आणि ती माणसं जागीच थबकतात.

"सोडलं का तिला?" आत्यानं विचारलं.

मी वाचलेलं सांगितलं. त्या काळी नवरा दोन ओळी खरडून बायकोला सोडू शके. बायकोला तशी सोय नव्हती. म्हणून काही मठ अशा बायकांना आसरा देत. तिची एखादी वस्तू आत पडली, तरी ती आत पोचली असं मानत. मग काही काळ मठात काढला की सुटका. कायद्यानं सगळीकडून कोंडलं, तरी बायकांनी एवढी फट शोधून काढली होती.

"बिचारीच्या नशिबात संसार नव्हता," शेजारी भाजी निवडत बसलेली आई म्हणाली. आमच्या घरात आत्याबद्दलही वर्षानुवर्षं हेच वाक्य बोललं जातं. विशीत ती सासर सोडून आली. आजोबा तिला परत नेऊन घालत, म्हणून शेवटी तिनं तालुक्याला खोली घेतली आणि शिवणकामावर जगली.

"नशिबाला कशाला मधे आणता, वहिनी?" आत्या म्हणाली. "ती स्वतः निघाली. मीही स्वतःच निघाले होते."

आत्या पुन्हा टीव्हीकडे वळली.

"आणि पुन्हा वेळ आली, तर पुन्हा निघेन."