भाईकाकांनी सोडलेली पूजा

भाईकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिचोलीला माझ्या घरी कपडे वाळत घालत होते. वडिलांचा आवाज ओळखूच आला नाही. "भाई गेलो गो," एवढंच म्हणाले आणि फोन तसाच हातात धरून राहिले असावेत, कारण पलीकडून काकीचं रडणं ऐकू येत राहिलं... त्याला आता काही आठवडे झाले. मधे गणपतीची चवथही होऊन गेली. लोक भेटायला येतात, 'देवमाणूस होता' म्हणतात. या शब्दावर मला अजून राग येतो, कारण देवाजवळची त्यांची जागा काढून घेणारे आम्हीच घरचे.

भाईकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कोरगावच्या आमच्या घरात दोन्ही भावांचे संसार आजोबांच्या धाकात एकत्र. गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. मराठी की कोकणी यावरून आमच्याकडे जेवताना इतकी भांडणं होत की आमटी निवून जाई. पण घरातल्या बायका अंधार पडायची वाट बघत दिवस काढतात, काजूच्या बागेत विंचू-किरडूंतून जातात, यावर कोणी तोंड उघडत नसे. ते भाईकाकांनी उघडलं. घरालगत संडास बांधायचा म्हणाले. आजोबांनी महिनाभर अबोला धरला आणि शेवटी एका अटीवर मान हलवली, "बांध. पण तेचा सगळा तूच निस्तरूचा. माका काय सांगूचा न्हय." जवळच्या तुये गावात काम करणाऱ्या बेळगावकडच्या गवंड्यांनी तो बांधला. न्हाणीचं पाणी आणि संडासाचं पाणी एकाच मोठ्या पाइपात घेतलं, अंगणात झाकणाची टाकी केली आणि तिथून पाइप मागच्या सेप्टिक टँकला नेला. पहिल्या दिवशी आजी त्यातून बाहेर आली आणि भाईकाकांच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. ते मी पाहिलंय.

पुढची चवथ आली. मुंबईचे, वास्कोचे, सावंतवाडीचे सगळे भाऊबंद जमले. घरात पाय ठेवायला जागा नाही. आदल्या दिवशी हळदीच्या पानांत उकडलेल्या गोड पातोळ्यांची पानं उरली होती. देवाच्या खाण्याची पानं पायदळी येऊ नयेत म्हणून आजीने ती अंगणात टाकू दिली नाहीत, न्हाणीत एका कोपऱ्यात ठेवली. एवढ्या माणसांच्या आंघोळींत ती कधी मोरीत गेली कोणाला कळलं नाही. चवथीच्या सकाळी मोरीतून पाणी उलटं वर यायला लागलं, मग संडास भरला आणि अंगणातल्या झाकणाच्या कडेने घाण बाहेर आली. देव पाटावर बसलेला, भटजी आलेले, देवावर फळा-सुपाऱ्यांची माटोळी बांधलेली आणि घरभर तो वास! गवंडी आपापल्या गणपतीला गावी गेलेले. माझी एक आत्या दिवस भरलेली होती, ती पोट धरून भिंतीला टेकून उभी होती. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. पुरुषांना एकदम माटोळीतल्या सुपाऱ्या नीट करायचं काम आठवलं.

भाईकाका सोवळं नेसून पूजेला बसायच्या बेतात होते. थोरल्याचा मान त्यांचा. ते उठले. आजोबा ओरडले, "खंय चल्लंय? हात लायलंस तर देवाक शिवाचा न्हय!"

"बाबलो बसतलो पूजेक," भाईकाका म्हणाले. बाबलो म्हणजे माझे वडील. "बायलमाणसां खंय जातली, ता सांगा आधी."

सोवळं फेडून, जुना पंचा गुंडाळून त्यांनी झाकण उचललं. चिवारीच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, लांब कांबी पाइपात घातल्या. कांबीने जमेना तेव्हा खांद्यापर्यंत हात घातला आणि पानांचा काळा बोळा ओढून काढला. आत माझे वडील गणपतीला दूर्वा वाहत होते. बाहेर पाणी खळखळून सुटलं तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास सोडला, तो आरतीपेक्षा मोठा ऐकू आला मला.

एका वर्षापुरतं असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. पण पुढच्या चवथीला आजोबांनी पूजेचा पाट वडिलांनाच दिला. वडील बसले, बाकीचे आरतीला उभे राहिले. आजोबा गेल्यावर तरी त्यांनी उठायला हवं होतं, पण तोवर सवय झाली होती, आणि मानाची सवय लवकर सुटत नाही. भाईकाका दरवर्षी चवथीच्या आधी झाकण उघडून पाइप मोकळा करत, साबण-लिंबू लावून आंघोळ करत आणि आरतीला उंबऱ्याबाहेर उभे राहत. एकदा मी हात धरून आत ओढलं. "हंयसून बरो दिसता गो देव," म्हणाले. हसले खरे, पण हात सोडवून घेतला.

यंदा चवथ साधेपणाने करायची ठरली. दोन दिवस आधी वडील अंगणात आले, धोतर वर खोचलेलं, हातात नव्या चिवारीच्या कांबी. "औंदा मी काढतलंय," म्हणाले, "आणि पूजेक भाईचो झील बसतलो." म्हणजे माझा चुलतभाऊ. आई बघतच राहिली. या वयात त्यांना वाकवत नव्हतं, तरी कोणाला हात लावू दिला नाही. पहार लावून स्वतःच झाकण सरकवलं.

आत पाइप स्वच्छ होता. टाकीच्या कडाही घासलेल्या.

काकी ओटीवरून म्हणाली, "तेंनी कदीच काढल्यानी. हॉस्पिटलात जावच्या आदल्या दिसा. मागीर चवथीक जमता ना जमता म्हणान."

वडील तिथेच ओल्या मातीत बसले. कांब हातातच होती. "ह्या काम एक वरस तरी माका ठेवचा मरे, भाई..." म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. न्हाणीत कोणीतरी हात धूत होतं. ते पाणी टाकीतून कुठेही न अडता पुढे गेलं.