नऊ नंबर जरूर लावा

व्हर्ना कोस्कीला अमेरिकेतल्या त्या छोट्या खाणगावातल्या दोन पिढ्या ‘मिसेस कोस्की’ म्हणतात. शाळेच्या ग्रंथालयात ती सत्तावीस वर्षं होती. पुस्तक उशिरा परत आणणाऱ्या पोरांना ती कधी रागावली नाही, चष्म्यावरून नुसती बघायची. त्या बघण्याची आठवण अजून खाणीतले बाप्ये काढतात.

तिचं दुसरं काम मात्र एकोणीस वर्षांपासून चालू आहे आणि त्याचा पगार कोणीच देत नाही. गावाचं स्वतःचं छोटं रेडिओ स्टेशन आहे, बंद पडलेल्या दातांच्या दवाखान्यातल्या दोन खोल्यांत. गाणी लावणारे सगळे हौशी. एक निवृत्त पोलीस, एक गणिताची बाई, एक लाकूड कारखान्यातला हिशेबनीस. त्यांच्याकडे येणारे नवे अल्बम आधी ऐकायचे आणि कुठलं गाणं लावावं, कुठलं लावू नये ते सांगायचं, हे व्हर्नाचं काम. जुन्या धाटणीच्या गिटार-बँजोची गाणी असोत की दणदणाटी रॉक, पाकीट आधी तिच्या स्वयंपाकघरात येतं. ती कानाला हेडफोन लावून टेबलाशी बसते, अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते, आणि मग वेष्टनावर पांढरं लेबल चिकटवून ग्रंथालयातल्या त्या गोल अक्षरात लिहिते: दोन, पाच, सात लावा. चारमध्ये शिवी आहे, रात्री दहाच्या आत नको.

पूर्ण अल्बम ऐकायला कोणाला वेळ असतो? बाकीचे लेबल वाचतात आणि लावतात. मग पेनाने खाली आपलं मत खरडतात. ‘खरंच छान.’ ‘मला झोप आली.’ ‘व्हर्ना, तुझ्या कानाला झालंय काय?’

तिची आवड दुःखाची आहे, हे सगळ्यांना माहीत. स्टेशन सांभाळणारा ग्लेन पेरो तिच्याहून वीस वर्षांनी लहान. दर मंगळवारी ती लेबलं लावलेला गठ्ठा घेऊन आली की तो विचारायचा, “काय मिसेस कोस्की, या आठवड्यात किती मेले?”

“सहा. आणि एक घोडा,” ती कोट काढता काढता सांगायची.

हसण्यावारी जायचं, पण तिचं खरोखरच एक ठाम मत होतं. नवरा रायनो खाणीच्या धुळीने गेला, तेव्हा दोन आठवडे शेजारणींनी झाकून झाकून जेवणं आणली. तिसऱ्या आठवड्यापासून घरात भांड्याचाही आवाज नव्हता. मूलबाळ नव्हतंच. तेव्हा या गाण्यांनीच तिला धरून ठेवलं होतं. तेव्हापासून ती म्हणायची की ज्याला आपलं दुःख गाण्यात घालता येतं, त्याच्या घरातून ते बाहेर पडलेलं असतं. काळजी करायची ती गप्प बसणाऱ्यांची.

वेस लिंड्रूसचा अल्बम फेब्रुवारीत आला. साधं पुठ्ठ्याचं वेष्टन, त्यावर हाताने मारलेला शिक्का. वेस चौतीस वर्षांचा. खाणीने त्याला दुसऱ्यांदा घरी बसवलं होतं आणि तो तळ्याकाठच्या घरात एकटा राहायचा. व्हर्नाला तो आठवत होता तो नऊ वर्षांचा, बोटींची पुस्तकं नेणारा. त्याने घरातच, एका मायक्रोफोनवर नऊ गाणी केली होती. नववं गाणं एका माणसाचं होतं. हिवाळा संपत आलाय, तळ्यावरचं बर्फ फुटायच्या बेतात आहे, आणि हा माणूस एकेक गोष्ट मार्गी लावतोय. कुत्रा तळ्यापलीकडच्या शेजाऱ्याला देतो. शिडी ज्याची त्याला पोचवतो. आईचं ओव्हनचं भांडं घासूनपुसून परत करतो. बर्फ सुटेल तेव्हा त्याला कशाचीच काळजी उरलेली नसेल, असं म्हणून गाणं थांबतं.

व्हर्नाने ते लागोपाठ तीनदा ऐकलं आणि लेबल लिहिलं: ‘घरी एकट्याने केलेलं. लाकडी जमिनीवर कुत्र्याच्या नखांचा आवाज येतो, येऊ द्या. दुःख आहे पण रडगाणं नाही. एक, चार, सहा. नऊ नंबर जरूर लावा. तपशील इतके खरे की अंगावर काटा येतो.’

अल्बम सहा आठवडे स्टेशनवर सगळ्यात जास्त वाजला. लोक फोन करून नववं गाणं मागायचे. ग्लेनने वेसला फोनवर व्हर्नाचं लेबल वाचून दाखवलं आणि मुलाखतीला बोलावलं, तो नम्रपणे नाही म्हणाला. व्हर्नाला मात्र त्याचं एक कार्ड आलं: ‘मिसेस कोस्की, शेवटपर्यंत ऐकलंत, आभारी आहे.’ तिने ते फ्रिजवर लावलं. तिला अभिमान वाटला होता, आणि तो का वाटू नये असं तेव्हा कोणीही म्हटलं असतं.

एप्रिलच्या मध्यावर, एका गुरुवारी, ती बेकरीत पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली करंजी, आणायला गेली. काउंटरवर वेसची आई आर्डिस असते. दोघी एकाच चर्चच्या, एकाच वर्गातल्या. आर्डिसला असली गाणी ऐकवत नाहीत. दुकानातला रेडिओ ती फक्त पोल्काच्या, म्हणजे नाचाच्या जुन्या गाण्यांच्या, तासाला लावते. पण त्या दिवशी पोल्कावाला आजारी होता आणि त्याच्या जागी आलेल्या बाईने नऊ नंबर लावला होता. दुकान रिकामं होईपर्यंत आर्डिसने वाट पाहिली.

“ते गाणं तू पूर्ण ऐकलंयस?”

“सात-आठ वेळा.”

“त्यात तो माझं भांडं परत करतो.”

“गाण्यातला माणूस करतो, आर्डिस.”

“मागल्या रविवारी आणून दिलं त्यानं. घासून. माझ्या पोरानं जन्मात कधी भांडं घासून परत दिलेलं नाही, व्हर्ना.” तिने हात ॲप्रनला पुसले, ते कोरडेच होते. “मला यातलं काही कळत नाही. तुला कळतं. हे गाणंच आहे ना? का तो आहे?”

आता यावर काय म्हणायचं, हे व्हर्नाला शोधावं लागलं नाही. एकोणीस वर्षांचं उत्तर तयार होतं. तिने सांगितलं की या गाण्यांची रीतच अशी असते. घरातलं, आईचं, शेजाऱ्याचं काहीतरी उचलायचं आणि त्यात मरण घालायचं. महिन्याला चाळीस अल्बम येतात, प्रत्येकात कोणीतरी जातंच.

“हे सगळे जे गातात ते करायला लागले ना, तर इथपासून टेनेसीपर्यंत गिटार धरायला माणूस उरणार नाही,” ती म्हणाली.

आर्डिस हसली. आधी थोडी, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिने पिशवीत एक पेस्टी जास्तीची घातली आणि पैसे घेतले नाहीत.

ती जास्तीची पेस्टी व्हर्नाला टोचत राहिली. घरी येऊन तिने ती ओव्हनमध्ये ठेवली, आणि आपण बरोबर बोललो हे स्वतःला दाखवायला म्हणून हेडफोन लावले. या वेळी लेबलासाठी ऐकायचं नव्हतं, त्यामुळे शब्दांकडे तिचं लक्षच नव्हतं. ती खोली ऐकत होती. पहिल्या गाण्यात कुत्रा जमिनीवरून चालत जातो. तिसऱ्यात अंग झाडतो. सहाव्यात शेगडीजवळ जाऊन धप्पकन बसतो आणि सुस्कारा टाकतो. आठव्यातही त्याची नखं वाजतात.

नवव्यात काहीच नव्हतं. तिने आवाज वाढवला, पुन्हा लावलं, डोळे मिटून लावलं. गाणं संपल्यावर वेसने यंत्र बंद करेपर्यंत अकरा सेकंद जातात. त्या अकरा सेकंदांत त्या घरात एकट्या माणसाचा श्वास होता, दुसरं कोणी नव्हतं.

म्हणजे कुत्रा आधीच दिलेला होता. गाणं त्यानंतरचं होतं.

तिने बेकरीत फोन केला. “मी चुकले,” ती म्हणाली. “मी गाडी घेऊन येतेय.” ओव्हन बंद करायचंही तिला सुचलं नाही.

आर्डिस ॲप्रनवरच गाडीत बसली. तळ्याचा रस्ता पंचवीस मिनिटांचा. वेस फोन उचलत नव्हता. गाडीत व्हर्नाने कुत्र्याचं सांगितलं. आर्डिसने ऐकून घेतलं, आणि समोर बघत ती म्हणाली, “तुला पोर असतं तर पहिल्यांदाच ऐकू आलं असतं.” व्हर्नाने गाडीचा वेग वाढवला. वळणावरून तळं दिसलं तेव्हा कडेचं बर्फ काळं पडलं होतं आणि किनाऱ्यापासून हातभर सुटलं होतं.

दार वेसनेच उघडलं. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. घर झाडून पुसून लख्ख, भिंती उघड्या. भिंतीशी खोकी ओळीने लावलेली आणि प्रत्येकावर नाव. गिटारच्या पेटीवर मावसभावाचं नाव होतं.

“आई, आज दुकान नाही?” तो म्हणाला.

“चल घरी.”

“कॉफी करतो, बसा.”

“कॉफी घरी,” आर्डिस म्हणाली, आणि खाली वाकून दाराजवळचे त्याचे बूट उचलून तिने छातीशी धरले. तो आला नसता तर तिने ते बूट खाली ठेवले नसते, असं काहीतरी तिच्या तोंडावर होतं. वेस बराच वेळ त्या बुटांकडे बघत राहिला. मग त्याने व्हर्नाकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत पुस्तक सापडत नसलं की बघायचा तसं.

“मिसेस कोस्की, तुम्ही तर फेब्रुवारीतच ऐकलं होतंत,” तो म्हणाला. “जरूर लावा, असं लिहिलंत. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. आणि चालतंय.”

त्याला डुलुथ शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे तो एकोणीस दिवस होता. बर्फ सत्तावीस एप्रिलला सुटलं. स्टेशनवरून दरवर्षीसारखी तारीख जाहीर झाली, आणि त्या तारखेवर गाव लावतं ती पैज जिंकणाऱ्याचं नावही.

मंगळवारी व्हर्ना ग्लेनकडे गेली आणि म्हणाली की तो अल्बम काढून टाक. ग्लेनने खुर्ची पुढे केली, पण तो वाईट वाटल्यासारखा कपाळ चोळत राहिला. लोक रोज मागतात, असं तो म्हणाला. आता तर जास्तच, कारण गावात बातमी पसरली होती. शिवाय माणूस जिवंत आहे ना, मग त्याचं गाणं पुरून टाकणारे आपण कोण? व्हर्नाने फळीवरून अल्बम काढला आणि नखाने लेबल सोलायला घेतलं. अर्धंच निघालं. खाली इतरांनी पेनाने लिहिलेलं होतं. ‘अप्रतिम.’ ‘रडले.’ ‘नऊ! नऊ!’ शेवटी ग्लेनने फक्त नववं गाणं थांबवलं. लोक मागत राहिले, मग त्यांना दुसरं काही आवडायला लागलं.

तिने काम सोडलं नाही. पण पाकीट आलं की ती आता आधी पत्ता बघते. आसपासच्या गावांतले अल्बम गणिताच्या बाईंकडे पाठवते आणि स्वतः लांबच्या राज्यांतले ठेवते, जिथल्या गायकांच्या आया तिला बेकरीत भेटणार नाहीत. हा भेकडपणा आहे हे तिला कळतं. ग्लेन आता किती मेले म्हणून विचारत नाही.

वेस आईकडे मागच्या खोलीत राहतो. आठवड्यातून तीन दिवस लाकडाच्या वखारीत जातो. गिटार मावसभावाने नेली, ती त्याच्याकडेच आहे. आर्डिसने व्हर्नाला माफ केलंय असं कोणीच म्हणणार नाही. चर्चमध्ये ती दोन बाकं सोडून बसते. पण रोज सकाळी सातला ती फोन करते, कारण हे ज्याला सांगता येईल असं दुसरं माणूस गावात नाही.

“उठला,” ती म्हणते.

“बरं,” व्हर्ना म्हणते, आणि दोघी फोन ठेवतात. दुसरा हिवाळा चाललाय या फोनला.

गेल्या गुरुवारी सात वाजले, सव्वासात झाले. फोन आठला आला आणि आर्डिस कुजबुजत होती. “ये,” एवढंच म्हणाली.

व्हर्ना घरातल्या सपाता पायात तशाच ठेवून, वर कोट चढवून गेली. आर्डिस मागच्या खोलीच्या दाराशी उभी होती, हात दाराच्या मुठीवर. तासभर ती तशीच उभी होती. मूठ फिरवायचं तिच्याने होत नव्हतं.

“तुझे कान चांगलेत,” ती म्हणाली. “ऐक.”

व्हर्नाने दाराला कान लावला. लाकूड थंडगार होतं. तिला स्वतःचंच रक्त ऐकू येत होतं, आणि आर्डिसचा श्वास, आणि तळघरातली भट्टी. त्यापलीकडे काही आहे की नाही, हे तिला सांगता येईना. तिने नकारार्थी मान हलवली. मग आर्डिसचा हात मुठीवरून हळूच सोडवला आणि दार उघडलं.

वेस पालथा झोपला होता, तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबत. रात्री घेतलेल्या झोपेच्या गोळीने त्याला अजून सोडलं नव्हतं. पांघरूण वर होत होतं, खाली होत होतं. दोघी उंबऱ्यात उभ्या राहून ते बघत राहिल्या.

“दार लावा,” तो डोळे न उघडताच म्हणाला. “थंडी येतेय.”