घेणाऱ्यांच्या चटईवर

खड्डा गुडघाभर झाला आणि खणणारे वर येऊन सुपारी फोडायला बसले. क्लेटस काठावरून आत बघत होता.

"झाला?" त्याने विचारलं.

"झाला की. धोंडा बसतोय ना आत," धर्मशिक्षक हिलेरियन म्हणाला. आजच्या समेटाची सगळी मांडामांड त्याचीच.

"डुकरानं नाक खुपसलं तर वर येईल. छातीइतका हवा."

"म्हाताऱ्या, भांडण पुरायचंय. खाणीतलं यंत्र नाही बसवायचं."

सगळे हसले. क्लेटस हसला नाही. धोंडा वर आला की भांडणही वर येतं, हे बोगनव्हिलच्या कुठल्याही डोंगरात शेंबडं पोरही सांगेल. तरी काम अर्धवट टाकायचं, याचा त्याला राग आला. त्याने फावडं उचललं आणि खाली उतरला. समेटाच्या चटईपासून दूर राहायला तेवढं निमित्त पुरेसं होतं.

क्लेटस सत्तरीचा. तेविसाव्या वर्षी तो डोंगरातल्या तांब्याच्या खाणीत लागला आणि वेल्डर झाला. सतरा वर्षांत त्याने जोडलेला एकही सांधा उघडला नाही, हे तो अजून सांगे. त्याच खाणीने आमची नदी मारली, हेही सांगे, तेही एकाच दमात. ऐकणाऱ्याला कळत नसे, हा नक्की कुणाच्या बाजूचा.

खाणीवरून लढाई पेटली तेव्हा मात्र तो बंडखोरांचाच होता. पापुआ न्यू गिनीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली. डिझेल बंद, औषधं बंद. क्लेटसने खोबरेल तेलावर इंजिनं चालवली. पाण्याच्या पाइपांपासून बंदुका केल्या, मोजून एकवीस. प्रत्येकीच्या दस्त्यापाशी वेल्डचा एक तिरका टाका मारायचा. काम कुणाचं, ते कळलं पाहिजे.

त्याचा धाकटा भाऊ लिओ गावच्या दवाखान्यात मलमपट्टी करी. पोरं हिवतापाने मरताना बघवेनात, म्हणून तो सैन्याच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर औषधं आणायला गेला. परतताना आपल्याच माणसांनी त्याला फितूर ठरवलं आणि वाटेत गोळी घातली. घालणारा बोनिफास, पलीकडच्या खोऱ्यातला, तेव्हा वीस वर्षांचा.

पुढे शांतता झाली. शस्त्रं जमा करायच्या दिवशी बोनिफासने आपली बंदूक ढिगावर टाकली. क्लेटस शेजारीच उभा होता. दस्त्यापाशी तिरका टाका.

त्याला अठरा वर्षं झाली. तो कुणाला बोलला नव्हता.

आता तीन आठवड्यांवर मतदान होतं, स्वतंत्र व्हायचं की नाही याचं. त्याआधी जुनी वैरं मिटवा, असा निरोप गावोगाव फिरला होता. क्लेटसला स्वातंत्र्य हवं होतं, अगदी पोटातून हवं होतं. पण ते आल्यावर कुणाच्या हाती जाईल हे आठवलं की घास उतरत नसे. बोनिफास आता त्या खोऱ्याचा पुढारी होता.

आणि आज बोनिफास लिओच्या जिवाची भरपाई म्हणून डुक्कर घेऊन आला होता. क्लेटसने घेणाऱ्यांच्या चटईवर बसायचं, डुक्कर घ्यायचं, दोघांनी एक सुपारी वाटून खायची, धोंड्याला हात लावायचा. चार दिवस त्याला झोप नव्हती. त्या चटईवर बसायचं म्हणजे सगळ्यांसमोर खोटं बसायचं.

मातीत धप्पकन आवाज झाला. बोनिफास खड्ड्यात उतरला होता.

"द्या दादा, मी खणतो."

"फावडं असं धरतात? दांडा मोडशील."

बोनिफासने हात बदलला. दोघं बराच वेळ खणत राहिले. खड्डा कंबरेइतका झाला.

"मत कुणाला?" क्लेटसने विचारलं.

"स्वातंत्र्याला. तुमचं?"

"माझंही तेच. तीच तर पंचाईत आहे."

बोनिफासला हसू आलं, ते त्याने गिळलं.

क्लेटसने आवाज खाली आणला. "ती बंदूक तुला कुठून मिळाली होती?"

"तुमच्या शेडमधून. माहीत आहे मला, दादा. पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मारलं मी, आणि नाव वेल्डरचं सांगू?"

क्लेटसने फावडं मातीत रोवलं. या माणसाचा तिरस्कार करणं सोपं होतं, तेवढंही त्याने ठेवलं नाही.

"अरे ए, विहीर खणताय का?" वरून फिलोमिना ओरडली. ही क्लेटसची थोरली बहीण. जमीन आमच्यात बायकांची, म्हणून शेवटचा शब्दही तिचा. "क्लेटस, वर ये. चटईवर बस."

तो वर आला. बसला नाही.

"ताई, मी घेणाऱ्यांत बसणार नाही. लिओला लागली ती बंदूक मी केलेली."

सुपारी फोडायचे आवाज थांबले.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"अठरा वर्षं."

"आणि अठरा वर्षं माझ्या चुलीपाशी बसून रताळी खातोस." फिलोमिनाने तोंडातली सुपारी थुंकून टाकली. मग समोरच्या, देणाऱ्यांच्या चटईकडे हनुवटी केली. "जा. तिकडे बस."

तो बोनिफासशेजारी जाऊन बसला.

"तुझं डुक्कर कुठे आहे?"

"आणलं नाही."

"रिकाम्या हातानं आलास?"

"माझ्याकडे आणखी एक आहे," बोनिफास हळूच म्हणाला, "ते द्या..."

"तू गप्प बस. उसनं डुक्कर मी घेत नाही."

हिलेरियन घाईने पुढे आला. "फिलोमिना, बाई, लोक लांबून आलेत. मतदान तोंडावर आहे."

"मत मी देईन. कुठे द्यायचं तेही मला कळतं. धोंडा मात्र आज पुरायचा नाही." ती भावाकडे वळली. "शनिवारी तुझं आण. वाळलेलं, काटकुळं नको. आणि बोनिफासनं आणलेलं हे तोवर इथंच राहील. त्याला तू खायला घालायचंस, रोज, स्वतःच्या हातानं."

लोक कुरकुरत उठले. बोनिफासने खुंटाचा दोर सोडला आणि क्लेटसच्या हातात दिला. डुक्कर मोठं होतं, ओढाळ होतं. त्याने उतारावर एक हिसका दिला तसा क्लेटसने टाच रोवली, दोर मनगटाला गुंडाळला आणि त्याला घेऊन वर निघाला.