रजेचं कारण

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी आदिलाबादच्या कॉलेजात गणित शिकवत होते. दिवसभर वर्ग, संध्याकाळी पेपर, आणि सुट्टी लागली की पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना भेटायला हैदराबादची गाडी. काही वर्षं असंच चाललं होतं. लग्नाला बराच काळ होऊनही मूल नव्हतं, त्यामुळे ‘तुला काय, वेळच वेळ’ असं सगळे म्हणत. मलाही ते खरं वाटायचं.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी फळ्यावर साधीशी सिद्धता लिहिताना हात थांबला. पुढची ओळ पाठ होती, पण लिहावीशी वाटेना. वर्ग वाट बघत होता. पुढच्या बाकावरच्या मुलीनं हळूच विचारलं, “मॅडम, पाणी आणू?” मी खडू टेबलावर ठेवला आणि घरी निघून आले. ताप नव्हता, रडूही येत नव्हतं. नुसती पडून राहिले.

नवरा जिल्हा कचेरीत नोकरीला होता. संध्याकाळी आला, मला बघितलं आणि स्वतःच चहा करून आणला. म्हणाला, “रजा घे. चांगली लांब घे, उन्हाळ्यापर्यंत.”

आम्ही बेत आखायला बसलो. मी भराभर सांगत सुटले : सकाळी फिरायला जायचं, दुपारी प्रबंधाची राहिलेली प्रकरणं लिहायची, संध्याकाळी उर्दू लिपी शिकायची, म्हणजे सासऱ्यांच्या वेळचे निजामी कागद वाचता येतील. तो हसायलाच लागला. “अगं, ही रजा आहे की बदली?”

मी चिडले. “मग नुसती बसून काय करू?”

“तेच. नुसतं बसायचं.”

मला त्या कल्पनेची खरोखर भीती वाटली.

प्राचार्य तेलुगू, सज्जन गृहस्थ. माझ्याशी हिंदीत बोलत. “आराम के वास्ते छुट्टी? मॅडम, बीमारी बोलो, रिसर्च बोलो, अभ्भी साइन करता मैं.” पण आजारी मी नव्हते, आणि संशोधन म्हटलं असतं तर ते करावं लागलं असतं. “थक गई हूँ सर,” एवढंच म्हटलं. त्यांनी माझा अर्ज पुढे ओढला. मग म्हणाले, “मैं भी,” आणि रजा दिली.

जायचं कुठे, हा प्रश्न होता. पुण्याच्या दिराच्या मुलाचं दहावीचं वर्ष चालू होतं. तिथे गेले असते तर मला गणित शिकवायलाच बसवलं असतं. शेवटी वांकिडीला ताईकडे जायचं ठरलं. तिच्या सासरी कापूस आणि ज्वारीची शेती. वेचणीचे दिवस होते, सगळं घर सकाळीच शेतात जायचं. मागे राहायच्या त्या ताईच्या सासूबाई आणि मी.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “दुखते कुठं?”

“कुठंच नाही.”

“मंग?”

“थकले.”

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी उठले तर न्हाणीघरात पाणी तापत होतं. त्यांनी मला पुढ्यात बसवून कोमट तेलानं डोकं चोळलं, पाठ चोळली, न्हाऊ घातलं, कानाला फडकं बांधलं आणि हातात डिंकाचा लाडू ठेवला. तेवढ्यात ताई विळा विसरला म्हणून शेतातून परत आली. माझा अवतार बघून तिचा चेहरा उतरला. “आत्याबाई, हे तं बाळंतिणीचं करून राह्यल्या तुमी! तिले काय वाटंल?”

म्हाताऱ्या बाई गोंधळल्या. माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “बाई थकली का आमी असंच करतो, माय. दुसरं काई येत नाई आमाले.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू फुटलं. ताईला वाटलं, जखमेवरच बोट पडलं. तसं नव्हतं. मूल नसलेल्या बाईलाही कुणीतरी असं न्हाऊ घालू शकतं, हे माझ्या कधी ध्यानीमनी नव्हतं. मी तो लाडू तिथेच बसून संपवला. मग जी झोपले, ती दिवेलागणीला उठले.

पुढे रोज तेच. शेजारच्या बाईनं एकदा अंगणातून विचारलं, “काऊन आली हो ही? नवऱ्यासंग भांडली का?”

“निजाले आली,” सासूबाई म्हणाल्या. “निजू द्या तिले.”

नवरा रविवारी बसनं यायचा, तोही दुपारी ओसरीवर ताणून द्यायचा. सोबत नेलेली पुस्तकं ट्रंकेतच राहिली. संक्रांतीनंतर मात्र मी आपणहून सगळ्यांसोबत शेतात जाऊ लागले. वेचणीत माझा हात धीमाच होता. बाया हसायच्या, मीही हसायचे.

एका रविवारी बांधावर बसून नवऱ्याला म्हटलं, “प्रबंध सोडून देऊ का?”

“सोडवेल?”

“बघते.”

उन्हाळ्यात हैदराबादला जाऊन मार्गदर्शकांना समोरासमोर सांगितलं. ते नाराज झाले, मला समजावत राहिले. मी ऐकून घेतलं आणि नमस्कार करून बाहेर पडले. स्टँडवर उसाचा रस प्यायले, मग आणखी एक मागवला. आदिलाबादच्या बसला अजून अवकाश होता, आणि मला घाई नव्हती.